सिंधुबाईंची दुसरी घंटी

लातुरात औसा रोडच्या मागच्या गल्लीत रोज सकाळी साडेसहाला एका लोखंडी फाटकावर किल्लीचे दोन ठोके पडायचे. टण, टण. मग स्कूटर गल्लीत यायची आणि शेषेराव दूध आणायला निघायचे. ठोके पडले नाहीत तर स्कूटर चालू ठेवून ते फाटकातच बसून राहायचे, पण चाक पुढं काढायचे नाहीत. नव्या भाडेकरूंना हा म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा वाटायचा. जुन्यांना ठाऊक होतं की नवरा-बायको दोघंही एसटीतले. तो ड्रायव्हर, ती कंडक्टर, आणि त्यातली सहा वर्षं दोघं एकाच गाडीवर, लातूर-माहूरवर. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. नोकरी सुटली तरी हे काही सुटलं नव्हतं. रस्त्यावर मागून काही येत नाही ना ते सिंधुबाई बघायच्या, दोन ठोके द्यायच्या आणि मगच नवऱ्याला घराबाहेर सोडायच्या.

यंदा भाद्रपदात ते ठोके बंद झाले. का बंद झाले हे गल्लीत कुणालाच कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर घरातही दोघांखेरीज कुणाला कळलं नाही.

सिंधुबाई कंडक्टर झाल्या तेव्हा त्यांचा शिवम पाच वर्षांचा होता. खाकी घालून पहिल्या दिवशी डेपोत उभ्या राहिल्या तर कँटीनमधली माणसं चहा तसाच ठेवून बघत बसली. बाई बुटकी, अंगानं किरकोळ, पण आवाज असा की मागच्या बाकावर झोपलेला माणूस खडबडून उठून तिकिटाचे पैसे काढायचा. दारू पिऊन चढलेल्या एका धिप्पाड गड्याला त्यांनी भर जंगलात, किनवटच्या अलीकडं, कॉलर धरून उतरवला होता. पुढं गुडघ्यांनी दगा दिला आणि चार वर्षं आधीच स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागली, पण तोवरच्या तेवीस वर्षांत भीती म्हणून काही असते हे त्यांच्या गावीही नव्हतं. बाईंचा सगळा दिमाख त्यावर उभा होता.

त्यांच्या संसारात एक गोष्ट घडली होती, ती दोघंही वारंवार सांगत. लोहा स्टँडवर गाडी सुटता सुटता घंटीची दोरी तुटली. तेवढ्यात एका म्हाताऱ्याचं धोतर दारात अडकलं, आणि तो गाडीबरोबर फरपटायला लागला. सिंधुबाईंनी हातातली तिकिटांच्या पेटीची किल्ली ड्रायव्हरच्या पाठीमागच्या दांड्यावर एकदा मारली. एकच ठोका. गाडी जागच्या जागी थांबली, म्हातारा खरचटण्यावर निभावला. नंतर चहा पिताना शेषेराव म्हणाले होते, "घंटी वाजली की मी इचार करतच न्हाई, सिंधु. आधी पाय, मग डोकं." एकतीस वर्षांत त्यांच्या हातून साधा ओरखडासुद्धा निघाला नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला, तो त्यांनी फ्रेम करून देवघराच्या भिंतीवर लावला. देवाच्या जरासा वरच लागला होता, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही.

आता भाद्रपदात काय झालं ते. डाव्या हाताला ठेवलेला चहाचा कप शेषेरावांनी आठवड्यात तीनदा सांडला. एकदा दाराच्या चौकटीला डावा खांदा असा धडकला की भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. मोतीबिंदू असेल, काढून टाकू, म्हणून सिंधुबाई त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथं एका यंत्रात डोकं घालून बसवलं, ठिपके दिसतील तसं बटण दाबायला सांगितलं. यंत्रातून एक कागद आला. त्यावर दोन गोल होते. डावा गोल जवळजवळ सगळाच काळा होता आणि उजव्याच्या कडा काळ्या होत्या.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, म्हणून माणसाला वाटतं सगळंच दिसतंय. बाजूचं गेलेलं असतं आणि गेलेलं त्याला कळत नाही. काकांना नळीतून बघितल्यासारखं दिसत असणार. डाव्या अंगाचं तर काहीच नाही. आहे ते औषधानं टिकवू, गेलेलं परत येणार नाही. गाडी मात्र आजपासून बंद. स्कूटरसुद्धा."

शेषेराव ऑटोनं घरी आले. बिल्ल्याखाली बसले आणि म्हणाले, "दसरा झाला की शिवमच्या मनूला माहूरला न्यायचं हाय ना? त्याच्याच गाडीनं. तेवढा घाट मला चढू दे. येकदाच. मग किल्ल्या तुज्या हातात. तोवर पोराला कळू द्यायचं न्हाई."

"डोळे असे, अन् घाट चढून राहिले," सिंधुबाई म्हणाल्या.

"एकतीस वर्षं चढलोय. डोळे झाकून चढीन."

"झाकूनच चढणार तुम्ही."

"मायची आण हाय तुला, सिंधु."

माय म्हणजे माहूरची रेणुका, सिंधुबाईंच्या माहेराची अन् सासरचीही कुळदेवी. तपासनीसाला न घाबरणारी बाई या आणेपुढं गप्प झाली. पण नुसती आणच होती असं नाही. ज्या ड्रायव्हरांचं स्टिअरिंग सुटलं ती माणसं कशी होतात हे त्यांनी पाहिलं होतं. ओसरीवर बसतात, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ओळखतात आणि हळूहळू जेवणसुद्धा विसरतात. आपला नवरा असा बसलेला त्यांना बघवणार नव्हता. म्हणून त्या "हाव" म्हणाल्या, होकार दिला. आयुष्यात इतकी मोठी चूक त्यांनी दुसरी केली नव्हती, आणि म्हणताक्षणीच ते त्यांना कळलंही होतं.

दुसऱ्या दिवशी सिंधुबाई कामाला लागल्या. स्कूटरचा प्लग त्यांनी स्वतःच्या हातानं काढला आणि तांदळाच्या डब्यात तळाशी पुरला. शेषेरावांनी दोन दिवस किका मारल्या, मग बायकोकडं बघितलं आणि पायी दूध आणायला लागले. विचारलं मात्र नाही. चहाचा कप आता उजव्या हाताला यायला लागला. तो कागद चार घड्या घालून बाईंच्या पर्समध्ये, हळदी-कुंकवाच्या पुडीशेजारी राहिला. शिवम भौतिकशास्त्र शिकवतो, लातुरातल्या एका क्लासमध्ये. संध्याकाळी दमून यायचा, मनूला खांद्यावर घेऊन आजोबांच्या घाटाच्या गोष्टी ऐकायचा, आणि सिंधुबाई स्वयंपाकघरात उभ्या राहून ओठ आवळून घ्यायच्या. पोराला सांगावं तर आण मोडते. न सांगावं तर अकरा महिन्यांची नात त्या गाडीत बसणार आहे.

कोजागिरी झाल्यावरच्या शनिवारी पहाटे सगळे निघाले. गाडी शिवम चालवत होता आणि शेजारी शेषेराव. मागं सिंधुबाई, सून आरती आणि तिच्या मांडीवर मनस्विनी, म्हणजे मनू. मनूला मायच्या पायावर घालायची होती. तिच्यासाठी खणाचं झबलं शिवलं होतं, ओटीचं सामान पिशवीत होतं. शेषेरावांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. शर्टाच्या खिशाला आतून बिल्ला लावलाय हे फक्त सिंधुबाईंना दिसलं.

अहमदपूरच्या पुढं बालाघाटाच्या टेकड्यांवर उजाडलं. खाली तुरीच्या शेतांवर धुकं पसरलं होतं. "आई, किती छान ना," आरती म्हणाली. सिंधुबाई हो म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की सहा वर्षं याच रस्त्यावरून त्या गेल्या, पण रस्ता कधी बघितलाच नव्हता. त्यांची पाठ कायम रस्त्याकडं आणि तोंड माणसांकडं. कोण चढलं, कोण फुकट बसलं, कुणाचं लेकरू ओकणार आहे, एवढंच त्यांनी बघितलं. पुढचं बघायला शेषेराव होते. आता तिकिटं फाडायची नव्हती, तर डोळे आपोआप समोर जात होते. आणि समोर बघणं हे इतकं जीवघेणं काम असतं हे त्यांना या वयात कळत होतं.

विष्णुपुरीपाशी गोदावरीच्या धरणाचं पाणी चमकलं. नांदेडात चहा झाला. भोकरला त्या म्हणाल्या, माझे गुडघे दुखून राहिलेत, इथूनच परत फिरू का? कुणी मनावर घेतलं नाही. हिमायतनगरला म्हणाल्या, पोरगी कोमेजली. मनू त्या वेळी खिडकीला नाक लावून हसत होती. किनवट जवळ यायला लागलं तशा त्या एकेकाच्या आजाराच्या सबबी शोधायला लागल्या. किनवटपर्यंत शिवम आणि पुढचा घाट पप्पांचा, हे घरी केव्हाच ठरलं होतं.

किनवटला जेवणं झाली. शिवमनं खांदे झटकले आणि किल्ली बापापुढं धरली. "घ्या पप्पा. तुमचा घाट."

"शिवम, तूच ने की रे," सिंधुबाई म्हणाल्या.

"बिल्लावाला ड्रायव्हर घरात असताना मी कशाला? मला घाटात कधी गाडी घालायला दिली तुम्ही?"

"मग इथूनच एसटीनं जाऊ. स्टँड समोरच हाय."

आरती हसली, शिवम हसला. शेषेराव हसले नाहीत. त्यांनी बायकोकडं पूर्ण मान वळवून बघितलं, कारण ती डावीकडं उभी होती. त्या नजरेत धाक नव्हता. विनवणी होती. आता बोलले नाही तर पुन्हा बोलता येणार नाही, हे सिंधुबाईंना कळत होतं, आणि तरी त्या जाऊन ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या. डाव्या खिडकीशी आरती आणि मनू बसल्या. डाव्या अंगाचं तर काहीच नाही, हे डॉक्टरीणबाईंचं वाक्य त्यांच्या कानात वाजायला लागलं.

गाडी निघाली आणि पहिली काही मिनिटं असं वाटलं की डॉक्टर खोटी आणि कागदही खोटा. काय सुरेख हात होता त्या माणसाचा. गिअर कधी पडला ते कळायचं नाही. दोन्ही बाजूंना सागाचं रान, त्यावर पांढरट तुरे, मधूनच पिवळं पडत चाललेलं गवत, त्यामागं एकामागं एक निळसर डोंगर. शिवम पुढं डाव्या सीटवर बसून मोबाइलवर फोटो काढत होता. सिंधुबाई मात्र नवऱ्याच्या डाव्या खांद्यावरून, डोळ्यात तेल घालून, रस्त्याची डावी कड बघत होत्या.

"अहो, डाव्या अंगाला सायकल."

"दिसली."

"पुढं शेरडं हायत. डावीकडंच."

"दिसली म्हणलं ना."

"आई आज कंडक्टर हाय का मोबाइलमधली बाई?" शिवम म्हणाला. "तीनशे मीटरवर शेळ्या म्हणून राहिली." आरती खळखळून हसली. शेषेराव म्हणाले, "गप बस सिंधु. ड्रायव्हरशी बोलू नये, गाडीतच लिहिलेलं असायचं."

त्या गप्प बसल्या. पाचच मिनिटांनी एका वस्तीपाशी गाडीच्या डाव्या चाकाखाली काहीतरी चरचरलं. रस्त्याच्या कडेला कुणी सोयाबीन वाळत घातलं होतं, त्याभोवती दगड मांडून ठेवले होते. एक दगड उडून गाडीच्या पत्र्याला लागला, तो आवाज मनूच्या पायाखालून आला. ती दचकून रडायला लागली. मागून कुणीतरी ओरडत होतं.

"जाऊ दे, फुकटात मळणी करून दिली त्याची," शेषेराव म्हणाले. सगळे पुन्हा हसले. पण सिंधुबाईंनी पाहिलं, त्यांच्या मानेवर घाम आला होता. पांढरीशुभ्र इस्त्रीची कॉलर भिजली होती. तो माणूस दगड चुकवायला गेला नव्हता, कारण त्याच्यासाठी ते दगड नव्हतेच. आणि आता ते त्यालाही कळलं होतं. तरी गाडी थांबली नाही.

पर्स उघडून सिंधुबाईंनी आत हात घातला. तो कागद हाताला लागला. शिवमच्या खांद्यावर हात ठेवावा, हा बघ म्हणावं, एवढंच करायचं होतं. कागद सोडून त्यांनी फाटकाची किल्ली धरली. कागद काढला तर आण मोडणार होती आणि लेकासुनेसमोर नवऱ्याची मान खाली जाणार होती. किल्ली मुठीत आवळून त्या मनातल्या मनात मायला म्हणाल्या, आण तुझ्याच नावाची घातलीय, आता तूच बघ. देवावर हे असं चिडणं त्यांना शोभणारं नव्हतं, पण त्या वेळी त्यांना देवाचा रागच आला होता.

सारखणी गाव मागं पडलं आणि चढ सुरू झाला. वळणावर वळण. एका वळणावर समोरच्या डोंगराच्या माथ्यावर देवळाचा कळस आणि त्याच्या बाजूच्या डोंगरावर किल्ल्याची तटबंदी दिसली. "माहूर!" आरती म्हणाली आणि तिनं मनूची मान तिकडं वळवली. सिंधुबाईंनी तिकडं बघितलं नाही. पुढचं वळण डावीकडं होतं. तिथं ओढ्यावर छोटा पूल होता, आणि पुलाचा डावा कठडा यंदाच्या पावसात वाहून गेला होता. दोन काठ्यांना लाल फडकी बांधून कुणीतरी खूण केली होती. त्या फडक्यांच्या अलीकडं, सावलीला, एक बाई सीताफळांच्या दोन टोपल्या घेऊन बसली होती.

वरून एसटी आली. लालभडक, भरलेली, उतारावरची. चढणाऱ्या गाडीला वाट आधी, हा घाटाचा नियम, पण शेषेरावांना एसटी दिसली की हात आपोआप वर जायचा आणि स्टिअरिंग आपोआप डावीकडं. भाऊबंदाला जागा द्यायची सवय. त्यांनी हात वर केला आणि गाडी डावीकडं घेतली. आणखी डावीकडं घेतली.

सिंधुबाईंना लाल फडकी दिसली, टोपल्या दिसल्या, बाईचं वर झालेलं तोंड दिसलं. फडक्यांच्या पलीकडं रस्ता नव्हता, नुसती हवा होती. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं आणि तोंडातून शब्द फुटेना. हात मात्र तेवीस वर्षांच्या सवयीचा होता. तो उठला आणि पुढच्या सीटच्या डोकं टेकायच्या उशीखालच्या लोखंडी दांड्यावर किल्ली एकदा आपटली.

टण.

गाडी थांबली. सगळे पुढं आदळून मागं आले. एसटी हॉर्न वाजवत बाजूनं निघून गेली. मग काही दगड घरंगळत खाली गेल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ येत राहिला. मनू रडली नाही. आजीकडं बघत राहिली.

शेषेरावांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, पाय ब्रेकवर. एसटी गेली, रस्ता मोकळा झाला, तरी ते तसेच बसून होते. शिवम कसाबसा म्हणाला, "पप्पा... मागं घ्या गाडी. जरा मागं घेऊन चला."

"घंटी न्हाई झाली," शेषेराव म्हणाले.

ते आरशातून सिंधुबाईंकडं बघत होते. दोन ठोके, एवढंच त्यांना हवं होतं. दोन पडले असते तर त्यांनी गाडी मागं घेतली असती, वळण काढलं असतं, हसत काहीतरी बोलले असते, आणि माहूर आलं असतं. सिंधुबाईंच्या हातात किल्ली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"दे ना, सिंधु," ते हळूच म्हणाले.

"न्हाई," सिंधुबाई म्हणाल्या.

सीताफळवाली उठून गाडीच्या डाव्या कोपऱ्याशी आली. तिची एक टोपली बंपरला टेकली होती. ती भांडायला आली नव्हती. तिचेच ओठ पांढरे पडले होते. "अप्पा," ती म्हणाली, "मी तुमाला दिसलेच न्हाई का वो?"

शेषेरावांनी तिच्याकडं वळायला पूर्ण मान फिरवली, तेव्हा कुठं ती त्यांना दिसली. तिच्या मागची फडकी दिसली. फडक्यांच्या मागं काय आहे तेही दिसलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"न्हाई बाई," ते म्हणाले. "न्हाई दिसलीस तू."

हे ते पोरासमोर, सुनेसमोर आणि एका परक्या बाईसमोर बोलले. सिंधुबाईंना आण मोडावी लागली नाही. शेषेरावांनी हँडब्रेक ओढला आणि दार उघडून उतरले. आरती मनूला छातीशी धरून उजव्या दारानं बाहेर आली, कारण डावीकडं पाय ठेवायला जागाच नव्हती. सिंधुबाईंनी रस्त्याकडेचा दगड उचलून मागच्या चाकाला लावला. घाटात गाडी थांबली की कंडक्टरनं ते करायचं असतं, म्हणून केलं. मग पर्समधला कागद काढून शिवमच्या हातात दिला. त्यानं ते दोन गोल बघितले. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याला फार समजावून सांगावं लागलं नाही. तो बापावर ओरडेल असं सिंधुबाईंना वाटलं होतं. तो आईकडं वळला.

"तुला म्हाईत होतं," तो म्हणाला. "म्हाईत असून मनूला बसवलीस तू."

"हाव," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांना जन्मभर पुरणार होता.

पुढचा घाट शिवमनं चढला. शेषेराव त्याच्या शेजारी बसून समोर बघत सांगत होते, "आता उजवं वळण येईल. हॉर्न दे. दुसऱ्यावर टाक. घाई करू नको." एकही वळण त्यांचं चुकलं नाही. सगळा घाट त्यांच्या डोक्यात होता. उरलेली वाट तेवढ्यावरच निघाली.

माहूर जुनं गाव. बाजाराच्या बोळात कुंकवाचे ढीग, बांगड्या, खलबत्त्यात तांबूल कुटल्याचा एकसारखा आवाज, त्या विड्याचा वास. वर देवीच्या डोंगरावर चढून गेल्यावर समोर किल्ल्याचा तट आणि त्याखाली दूरपर्यंत रान. मनूला मायच्या पायावर घातलं, तिच्या कपाळाला शेंदूर लागला. सिंधुबाईंनी ओटी भरली. मागितलं काहीच नाही. मागायला तोंड राहिलं नव्हतं. शेषेरावांनी खिशातून बिल्ला काढला, देवीच्या पायाशी ठेवावा असं त्यांच्या मनात आलं असावं, पण पुजाऱ्यानं हात पुढं केला तेव्हा त्यांनी तो परत खिशात घातला.

परत निघाले. शिवम आणि आरती मनूला घेऊन पुढं उतरून गेले. शेषेराव पायऱ्यांच्या माथ्याशी आले आणि थांबले. खाली दगडी पायऱ्या, उतरत्या, झिजलेल्या, माणसांनी आणि माकडांनी भरलेल्या. ते उजवा हात कठड्याच्या नळीवर ठेवून उभे राहिले. माणसं बाजूनं उतरत होती. ते उतरत नव्हते.

"काय झालं?" सिंधुबाईंनी विचारलं. त्या त्यांच्या डाव्या अंगाला उभ्या होत्या. आता जन्मभर तिथंच उभं राहायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"सिंधु," ते म्हणाले, "खालची पायरी दिसना गं. मघा चढताना दिसत होत्या. उतरताना पायाखालची न्हाई दिसून राहिली." एकतीस वर्षं ज्या माणसाच्या भरवशावर बसमधली माणसं डुलक्या घेत आली, त्याचा आवाज लहान लेकरासारखा झाला होता. "मला भ्या वाटायलं."

सिंधुबाईंनाही भीती वाटत होती. सकाळपासून होती तशीच, जरासुद्धा कमी झाली नव्हती. त्यांनी खाली बघितलं. पायरी रिकामी होती, त्यानंतरचीही होती. डाव्या हातानं त्यांनी नवऱ्याचा दंड धरला. उजव्या हातातली किल्ली त्यांच्यापुढून नेऊन कठड्याच्या नळीवर मारली.

टण, टण.

शेषेरावांनी पाय खाली टाकला.